टेम्पोत न मावणारं सामान

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण तरी असणारच, ज्याच्या घरच्यांचं उल्हासनगरला दुकान आहे, अंबरनाथला गाळा आहे किंवा बदलापूरला घराच्या खालीच दोन मशीन टाकलेल्या आहेत. कदाचित तो एक जण तुम्हीच असाल. अशा घरात जेवताना एक विषय अधूनमधून निघतोच : ‘आता जागा बदलायला हवी.’ गाळामालकानं भाडं वाढवलेलं असतं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असते, नाहीतर माल ठेवायला जागाच उरलेली नसते. पप्पा भाड्याचा एक आकडा सांगतात, काका दुसरा सांगतात, आई विचारते की एवढं डिपॉझिट आणायचं कुठून. आणि आपण? आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलो असतो.

या वेळी जरा मान वर करा. घरात एक्सेल येतं ते तुम्हाला. पोर्टलवर फॉर्म भरता येतो तोही तुम्हालाच. शिवाय उद्या तुमचा स्वतःचा केक, टी-शर्ट प्रिंटिंग किंवा रिपेअरिंगचा धंदा वाढला की हाच प्रश्न तुमच्यासमोर येणार आहे. जागा बदलणं म्हणजे टेम्पो बोलावणं, चार हमाल लावणं आणि नारळ फोडणं, असं वाटत असेल तर आपल्याच शहरातली एक गोष्ट आधी ऐका.

कॅम्पातली साखळी

खरं तर उल्हासनगरला जागा बदलण्याचं काही नवल नाही. हे शहर वसलंच मुळी जागा सुटलेल्या माणसांचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. आपण आजही ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘कॅम्प नंबर पाच’पर्यंत पत्ते सांगतो ते त्यामुळेच. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं. हातात भांडवल नसलेल्या माणसांनी फेरी, टपरी, दुकान असं करत करत इथे बाजार उभे केले. कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स, काहीही शोधा, इथे मिळणार. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जोक तुम्ही ऐकलाच असेल.

या बाजारातला एक मोठा धंदा जीन्सचा. एक जीन्स तयार होताना किती हातांतून जाते, ते पाहा. एक जण कापड आणून कटिंग करतो. दुसऱ्या गाळ्यात शिलाई होते. मग ती कडक, गडद निळी पँट धुलाईला, म्हणजे ‘वॉश’ला जाते. तिथे प्युमिस दगड, एन्झाइम, ब्लीच वापरून तिला तो फिकट, मऊ, ‘वापरलेला’ लूक मिळतो. परत आल्यावर धागा कटिंग, बटण, लेबल, इस्त्री, पॅकिंग. प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा, गाळा वेगळा, सगळं जॉबवर्कवर. हे जमतं कारण सगळे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. सकाळी पाठवलेला लॉट संध्याकाळी परत मागता येतो, आणि पैसे आठवड्यानंतर दिले तरी चालतात, कारण समोरचा ओळखीचा असतो.

या साखळीत एक कडी मात्र बेकायदा होती. धुलाईच्या बऱ्याच युनिट्सकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नव्हती आणि त्यांचं रंगीत पाणी नाल्यातून थेट वालधुनीत जात होतं. ही तीच वालधुनी, जी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहत येते. ‘वनशक्ती’ या संस्थेनं उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये न्यायालयानं राज्य सरकारला १०० कोटी रुपये जमा करायला सांगितलं. त्याच वर्षी उल्हासनगरच्या जीन्स धुलाई युनिट्सवर कारवाई झाली. वीज तोडली, पाणी तोडलं, मशीन थांबल्या.

आता विचार करा, बंद झाली ती फक्त धुलाई. पण कटिंगवाला, शिलाईवाला, इस्त्रीवाला, माल वाहणारा टेम्पोवाला, सगळ्यांचं काम त्या एका कडीवर लटकलेलं होतं. मग धावाधाव सुरू झाली. काही धुलाईवाले शहराबाहेरच्या गावांकडे सरकले, आणि पाठोपाठ निळ्या पाण्याच्या तक्रारीही तिकडे पोहोचल्या.

यातली मेख लक्षात घ्या. कारवाई अचानक झाली असं वाटतं, पण केस काही वर्षं चालू होती. म्हणजे जागा बदलायची वेळ येणार हे दिसत होतं. ज्यानं त्या काळात संमती मिळेल अशी जागा शोधायला घेतली त्याच्याकडे वेळ होता, आणि नोटीस दारावर लागल्यावर जागा शोधणाऱ्याला समोर येईल ती घ्यावी लागली. घाईत जागा घेणारा भाव करू शकत नाही, कागद तपासू शकत नाही आणि कामगारांना विचारू शकत नाही. म्हणून जागा बदलण्याचं प्लॅनिंग सुरू करायची योग्य वेळ म्हणजे जागा बदलायची गरज पडण्याच्या आधीची.

भाडं कमी, पण फेरी?

घरातली चर्चा बहुतेक वेळा भाड्यापासून सुरू होते आणि भाड्यावरच संपते. ‘तिकडे निम्म्यात मिळतंय’, बस्स, ठरलं! इथे तुम्ही मध्ये पडायचं.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. समजा, कॅम्प पाचमध्ये जीन्स फिनिशिंगचं छोटं युनिट आहे. भाडं महिन्याला ४०,००० रुपये. बदलापूरला तेवढीच जागा २२,००० ला मिळतेय. बचत १८,००० रुपये. घरात सगळे खूश.

पण माल अजूनही उल्हासनगरहूनच येणार आणि तिथेच परत जाणार. रोज एक जादा टेम्पो फेरी ९०० रुपयांची धरली आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर होतात २३,४०० रुपये. म्हणजे बचत सोडाच, महिन्याला ५,४०० रुपये खिशातून गेले.

आता तोच टेम्पो एक दिवसाआड पाठवला तर? १३ फेऱ्या, ११,७०० रुपये. हातात उरतात ६,३०० रुपये. म्हणजे जमू शकतं. पण त्यासाठी दोन दिवसांचा माल ठेवायला जागा लागणार आणि पार्टीनं एक दिवस उशीर चालवून घ्यायला हवा. हे दोन्ही आधी विचारलं का?

अजून संपलं नाही. मशीन काढणं-बसवणं, वायरिंग, रंगरंगोटी, बोर्ड, एका महिन्याचं दोन्हीकडचं भाडं, काम बंद राहिलेले दिवस, असा एकदाचा खर्च ९०,००० धरला, तर महिन्याच्या ६,३०० रुपयांच्या बचतीतून तो भरून निघायला साधारण १४ महिने लागतात. आणि भाडेकरार किती महिन्यांचा केलाय? ११! खर्च वसूल व्हायच्या आधीच मालक भाडं वाढवायला मोकळा. म्हणजे वाटाघाटी करायच्या त्या फक्त भाड्याच्या नाहीत, मुदतीच्याही. तीन किंवा पाच वर्षांचा करार, दरवर्षी किती टक्के वाढ, मध्येच सोडायची वेळ आली तर किती महिन्यांची नोटीस, हे सगळं कागदावर यायला हवं.

ही चार ओळींची शीट आहे. बनवायला अर्धा तास लागतो. पण ‘तिकडे स्वस्त आहे’ आणि ‘तिकडे आपल्याला परवडतं’ यातला फरक ती दाखवते.

माणसं येणार का?

टेम्पोत मशीन चढते, टेबल चढतं, देवाचा फोटोही चढतो. वीस वर्षं इस्त्री करणाऱ्या मावशी चढत नाहीत. त्या कॅम्प चारमधून चालत येतात, दुपारी घरी जाऊन मुलाला जेवू घालतात आणि परत येतात. युनिट बदलापूरला गेलं तर हे गणित मोडलं.

आपल्याला वाटतं, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, एकाच लाइनवरची तर स्टेशनं आहेत. रेल्वेचा पास परवडतोही. पण पुढे काय? औद्योगिक वसाहत स्टेशनपासून लांब असते. शेअर रिक्षा सकाळी मिळते, रात्री नऊला मिळेल का? मावशींना सुटायला उशीर झाला तर बदलापूरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत त्या कशा पोहोचणार? तुम्ही स्वतः कॉलेजसाठी रोज कर्जत लाइनवर लटकता, हे प्रश्न तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करा. युनिटमधल्या प्रत्येकाशी बोला, पण ‘येणार ना?’ असं विचारू नका. शेठच्या मुलानं असं विचारल्यावर कोण ‘नाही’ म्हणेल? त्यापेक्षा विचारा : आत्ता घरून निघायला किती वाजतात, नवीन जागेला जायला काय काय बदलावं लागेल, रिक्षाचे किती होतील, कुठल्या वेळा जमतील. उत्तरं लिहून घ्या. मग घरच्यांसमोर आकडा ठेवा : आठपैकी तिघींना जमणार नाही, दोघींना रिक्षाचे पैसे दिले तर जमेल. नवीन माणूस शोधून, शिकवून त्याच वेगावर आणायला किती दिवस जातील, हेही तुमच्या शीटमध्ये यायला हवं. आणि ज्यांना खरंच येता येणार नाही त्यांना हे शेवटच्या आठवड्यात कळणं वाईट. दोन-तीन महिने आधी कळलं तर त्या दुसरं काम बघू शकतात. त्यांच्या घरचा महिनाही आपल्या घरासारखाच चालतो.

एकट्यानं बाजार हलत नाही

काही धंदे एकटे हलू शकतात. घरगुती डबे, ऑनलाइन ऑर्डरवर चालणारं टी-शर्ट प्रिंटिंग, अकाउंट्सचं काम. गिऱ्हाईक फोनवर असतं, त्याला तुमचा गाळा कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पण काही धंदे बाजारात बसलेले असतात म्हणूनच चालतात. फर्निचर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एका दुकानासाठी येत नाही. दहा दुकानं फिरता येतात म्हणून ते उल्हासनगरला येतं.

याची दोन मोठी उदाहरणं मुंबईतली. हिऱ्यांचा व्यापार पूर्वी ऑपेरा हाउसच्या आसपास होता. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाला आणि बाजार हळूहळू तिकडे सरकला. दलाल, बँका, कस्टम्स, सुरक्षा, सगळंच एका जागी आलं, म्हणून ते टिकलं. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतला त्याहून मोठा डायमंड बोर्स थाटात सुरू झाला. मुंबईतली एक नामांकित हिरे कंपनी तिकडे गेली आणि थोड्याच काळात मुंबईला परत आल्याच्या बातम्या आल्या. इमारत तयार होती, पण पुरेसा बाजार अजून तिथे पोहोचला नव्हता.

दुसरं उदाहरण तुमच्या ताटातलं. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं नवी मुंबईत वाशीला हलवले. कांदा-बटाटा १९८१ मध्ये गेला, फळं आणि भाजी १९९६ मध्ये. अख्खी बाजारपेठ हलवायची म्हणजे किती वर्षांचं काम असतं, ते या तारखांवरून कळतं.

आपल्यासाठी यातला धडा सोपा आहे. तुमचं दुकान गल्लीतल्या इतर दुकानांवर जगत असेल तर एकट्यानं निघू नका. शेजारच्या दोघा-तिघांशी बोला. दोन-तीन गाळे शेजारी-शेजारी मिळाले तर टेम्पोचा खर्च वाटून जातो, गिऱ्हाइकालाही यायला कारण मिळतं. आणि धंदा गल्लीवर जगत नसेल, तर उगाच महागड्या गल्लीत बसलोय का, हा प्रश्नही बिनधास्त विचारा.

जागा बघताना फक्त टाइल्स बघू नका

जागा बघायला पप्पांबरोबर तुम्हीही जा. एजंट दाखवेल ते बघा, आणि तो दाखवणार नाही तेही बघा.

वीज : मशीनला थ्री-फेज लागतं का? किती किलोवॅटचा लोड हवा आणि जागेचा मंजूर लोड किती आहे? वाढवून घ्यायचा असेल तर महावितरणकडे अर्ज, कोटेशन, मीटर यात वेळ जातो. जुन्या मालकाची थकबाकी आहे का, ते ताज्या बिलावर बघा.

स्लॅब : मशीन जड असेल तर तळमजलाच बरा. उल्हासनगरमध्ये मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. तेव्हा इमारत किती जुनी, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, बांधकामाला परवानगी आहे का, हे विचारायला लाजू नका.

पाणी : दोन्ही अर्थांनी. नळाला किती वेळ येतं, आणि पावसाळ्यात किती भरतं. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. बदलापूरला जागा घेताना शेजारच्या किराणावाल्याला विचारा : ‘काका, त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं?’ तो भिंतीवर हात लावून दाखवेल. ती रेघ एजंटच्या ब्रोशरमध्ये नसते.

रस्ता : टेम्पो दारापर्यंत येतो का, वळतो का, उभा राहू शकतो का? दिवसा आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा जाऊन बघा.

पुढची पाच वर्षं : अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन होऊ घातलंय. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं कामही हाती घेतलंय. स्टेशन आलं की माणसांना येणं सोपं होईल, भाडीही वाढतील. लांब मुदतीचा करार करताना दोन्ही लक्षात ठेवा.

आणि मालकी : एमआयडीसीचा भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेला असतो. तिथला गाळा पोटभाड्यानं घेताना मालकाकडे एमआयडीसीची परवानगी आहे का, ते कागदावर बघा. तोंडी ‘हो हो, सगळं क्लियर आहे’ चालणार नाही.

कागदांची चौकट

हा भाग तुमचाच. घरातल्या कुणालाही यात रस नसतो आणि नंतर सगळ्यांनाच त्रास होतो.

• भाडेकरार : लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. पुढच्या जवळपास प्रत्येक कागदाला हाच पुरावा लागतो.

• जीएसटी : मुख्य पत्ता बदलला की १५ दिवसांच्या आत पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करायचा. राज्य तेच असेल तर नंबर तोच राहतो.

• गुमास्ता आणि उद्यम नोंदणी : दोन्हीकडे पत्ता बदलून घ्या. पीएफ, ईएसआयसी असेल तर तिथेही.

• प्रदूषण मंडळाची संमती : ही जागेला मिळते, मालकाला नाही. जुन्या जागेची संमती सोबत नेता येत नाही. आधी उभारणीची संमती, मग चालवण्याची. रंगकाम, ब्लीचिंग असे सांडपाणी निघणारे कापडप्रक्रियेचे उद्योग ‘रेड’ गटात येतात. तुमचा धंदा कुठल्या गटात बसतो ते जागा ठरवायच्या आधी बघा, कारण काही ठिकाणी ती संमती मिळणारच नाही.

• खाण्याचा धंदा : एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना जागेशी जोडलेला असतो. नव्या किचनमध्ये केक बनवायच्या आधी त्याचं काम करा.

• मशीन नेताना : स्वतःचंच सामान असलं तरी टेम्पोबरोबर डिलिव्हरी चलन ठेवा. ठरावीक किमतीच्या वर गेलं तर ई-वे बिलही लागतं.

• बाकीचं : बँक, इन्शुरन्स, बिलबुक, पॅकिंगवरचा छापील पत्ता, गुगल मॅप्स. जुन्या पत्त्याची हजार खोकी छापून ठेवली असतील तर आधी ती संपवा.

कॅलेंडर उलटं वाचा

नव्या जागेत काम सुरू व्हायची तारीख आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर ती तारीख ठेवू नका. जुलैही टाळलेला बरा, भिजलेली मशीन कुणाला परवडत नाही.

तीन महिने आधी : कामगारांशी बोलणं, खर्चाची शीट, दोन-तीन जागा. दोन महिने आधी : करार, वीज, संमतीचे अर्ज. एक महिना आधी : प्रत्येक पार्टीला फोन. मेसेज पाठवून मोकळे होऊ नका. ‘आम्ही या तारखेपासून तिकडे, माल असा येईल, असा जाईल’, हे तोंडानं सांगा, कारण उधारीवर चालणाऱ्या धंद्यात ‘जागा सोडली म्हणे’ एवढी अफवा पुरते. त्याच काळात उधारीची वही अद्ययावत करा, देणी-घेणी जुळवून घ्या.

शेवटचा आठवडा : प्रत्येक मशीन सोडवायच्या आधी वायरिंगचा फोटो काढा. स्क्रू-नट त्या त्या मशीनच्या नावाच्या पिशवीत. खोक्यांना नंबर आणि एका वहीत त्या नंबरांची यादी. सगळं एका दिवशी हलवू नका. जमलं तर एक-दोन मशीन जुन्या जागी चालू ठेवा, नव्या जागी पहिला लॉट नीट निघाला की मग त्या हलवा. आणि जुन्या दारावर नवीन पत्ता, फोन नंबर लावून या. मालकाची परवानगी घेऊन दोन-तीन महिने तो बोर्ड राहू द्या. जुनं गिऱ्हाईक मॅप बघत नाही, दार बघतं.

घाण कुणाच्या दारात?

आता एक प्रश्न, जो जेवणाच्या टेबलावर कुणी काढत नाही. आपण हललो की आपल्याबरोबर काय काय हलतं?

शेजारच्या डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आणि घरं एकमेकांना चिकटली. २०२२ मध्ये राज्य सरकारनं तिथले १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय जाहीर केला. २३ मे २०२४ रोजी तिथल्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला, माणसं मेली, आणि कारखाने हलवण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. निर्णय आणि टेम्पो यांच्यात दोन वर्षं गेली होती. आणि ज्या ठिकाणी ते जाणार, तिथल्या लोकांनाही सुरक्षित राहायचंच आहे.

वालधुनीनंही असंच सोसलंय. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्री टँकरमधून आणलेलं रसायन तिच्यात सोडलं गेलं आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखाना गाठावा लागला. कुणीतरी आपली घाण आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ‘शिफ्ट’ केली होती. त्याच्यासाठी काम झालं होतं.

पत्ता बदलून नियम चुकवता येतो, असं घरात कुणी म्हणालं तर २०१८ ची आठवण करून द्या. नवीन गावात नाला आहे, पंचायत लांब आहे, कुणी विचारत नाही, हे काही वर्षं चालेल. मग तिथेही वीज तुटेल आणि पुन्हा टेम्पो बोलवावा लागेल. दर वेळी डिपॉझिट, वायरिंग, नवीन माणसं. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी सामायिक यंत्रणा असलेल्या वसाहतीत गाळा महाग पडतो हे खरं. पण त्याची किंमत दर तीन वर्षांनी जागा बदलण्याच्या खर्चाशी ताडून बघा. आणि नदीची बाजू कुठल्याच शीटमध्ये येत नाही, म्हणून ती बोलून दाखवणारं घरात कुणीतरी लागतं. ते तुम्ही असू शकता.

या रविवारी

तुमच्या घरचा धंदा असेल तर या रविवारी एक शीट उघडा. घरचा नसेल तर बीएमएस, बीकॉमच्या प्रोजेक्टसाठी ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडे जा, ते आनंदानं बोलतील. चार कॉलम करा : माणसं, माल कुठून येतो-कुठे जातो, गिऱ्हाईक कसं येतं, आणि वीज-पाणी-परवाने. प्रत्येकाखाली लिहा, उद्या जागा बदलली तर यातलं काय सोबत येईल, काय येणार नाही आणि जे येणार नाही त्याची सोय करायला किती दिवस, किती पैसे लागतील.

जागा बदलायची नसली तरी ही शीट वाया जाणार नाही. भाडं वाढवायला मालक आला, रिडेव्हलपमेंटची नोटीस लागली किंवा समोरचा गाळा रिकामा झाला, की ती उघडायची. तोवर घरच्यांना ती एकदा दाखवा. पप्पा सुरुवातीला म्हणतील, ‘आम्ही काय कागद बघून धंदा केला?’ मग चष्मा लावतील आणि टेम्पोच्या फेरीचा आकडा दुरुस्त करून देतील. तो आकडा त्यांनाच माहीत असतो.